सोलापुरातून दुचाकी टेम्पोत घालून नेताना

टेम्पोत घातलेली मोटरसायकल हायवेवर क्वचितच पडते. पडते ती फळीवर, चढवताना नाहीतर उतरवताना. बाकीचं नुकसान चुकीच्या जागी बांधल्याने होतं: हँडल वाकतं, टाकीचा रंग घासला जातो, क्लचची केबल चेपते, सायलेन्सरला पोचा येतो. त्यामुळे इथे रस्त्यापेक्षा फळी आणि पट्टे यांवरच जास्त लिहिलं आहे.

टेम्पो कोणता

कारच्या मागे जोडायचा दुचाकीचा ट्रेलर आपल्याकडे जवळपास दिसत नाही. ट्रेलरलाही आरटीओची नोंदणी लागते, वेल्डिंगवाल्याकडून चार अँगल जोडून घेतले आणि निघालो असं चालत नाही. म्हणून सोलापुरात प्रत्यक्षात पर्याय तीन: छोटा हत्ती, पिकअप आणि बंद पडलेल्या गाडीसाठी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीची टोइंगची गाडी. खेड्यातून शहरात गाडी आणायची तर ट्रॅक्टरची ट्रॉलीही वापरली जाते. पण ट्रॉलीला स्प्रिंग किंवा पाटे नसतात, प्रत्येक खड्डा थेट पट्ट्यांवर येतो. दहा-पंधरा किलोमीटरपुरतं ठीक, त्यापुढे नको.

मापं आधी बघून घ्या. छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब असतो. स्प्लेंडर २ मीटरची, म्हणजे साडेसहा फुटांची, ती सरळ बसते. क्लासिक ३५० ची लांबी २१४५ मिलिमीटर, सात फुटांच्या किंचित वर, त्यामुळे ती छोट्या हत्तीत तिरकी घालावी लागते आणि तिरकी गाडी दोन्ही बाजूंनी सारखी बांधता येत नाही. बुलेट वर्गातली गाडी असेल तर आठ-नऊ फुटी हौद्याचा पिकअपच सांगा. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडा टाकून मागचं चाक बाहेर काढण्याची सवय सर्रास आहे, पण त्यात टेम्पोचे मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाते, आणि चाकाखाली आधार राहतो तो फक्त फाळक्याच्या दोन साखळ्यांचा.

टेम्पो ठरवताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: हौद्याच्या आत, तळाशी कड्या आहेत का? बऱ्याच टेम्पोंना दोर बांधायचे हूक फक्त बाहेरून असतात. याचा त्रास कसा होतो ते पुढे येईलच.

मार्केट यार्डात कांदा नाहीतर भाजी उतरवून रिकामा परत जाणारा पिकअप आपल्याच दिशेचा मिळाला तर भाडं बरंच कमी बसतं. मात्र हौदा आधी झाडून घ्या. कांद्याची टरफलं आणि त्याखालची ओली माती यांवरून चाकही सरकतं आणि माणसाचा पायही.

सामान

रॅचेट बेल्ट, म्हणजे दातेरी चाकाच्या दांडीने आवळायचे पट्टे, चार, २५ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे, प्रत्येकी अडीच-तीन मीटर. बेल्टच्या लेबलवर दोन आकडे असतात. मोठा आकडा तुटण्याचा, तो दुकानदार सांगतो. आपल्या कामाचा म्हणजे वर्किंग लोडचा, जो बहुधा त्याच्या एक तृतीयांशच असतो. प्रत्येक पट्ट्याचा वर्किंग लोड निदान गाडीच्या वजनाइतका असावा. स्प्लेंडर सुमारे ११२ किलो, क्लासिक ३५० सुमारे १९५. साहित्य पॉलिस्टरचं घ्या. नायलॉन ताणला जातो, भिजला की आणखी सैल पडतो. वर्षभर टेरेसवर उन्हात पडलेला, कडा पांढुरक्या आणि खरखरीत झालेला बेल्ट टाकून द्या. सोलापूरचं ऊन प्लास्टिकच्या धाग्याला सोडत नाही.

सॉफ्ट लूप चार. हे शिवलेल्या पट्ट्याचे फास असतात. गाडीच्या नळीभोवती ते घालायचे आणि बेल्टचा लोखंडी हूक त्यांत अडकवायचा, म्हणजे लोखंड रंगाला लागत नाही.

फळ्या दोन, ८ ते १० फूट लांब, निदान २ इंच जाड, ९-१० इंच रुंद. सेंट्रिंगची पातळ फळी किंवा नुसता प्लाय नको. चाक मध्यावर आलं की तो वाकतो, फळीचं टोक फाळक्यावरून सुटतं आणि गाडी माणसासकट खाली येते.

शिवाय चाकांना उटी म्हणून चार लाकडी ठोकळे, गोणपाट, रबरी मॅटचा तुकडा आणि जुन्या चादरी. सोलापुरात चादरीची वाण कुणाच्या घरी नसते. विटलेली जाड चादर टाकी आणि सायलेन्सर झाकायला फोमपेक्षा चांगली, कारण ती सरकत नाही. गाडी आधी धुऊन मगच चादर घाला. धूळ तशीच राहिली तर अडीचशे किलोमीटर चादर टाकीवर पॉलिशपेपरचं काम करते.

गाडीची तयारी

पेट्रोल लिटर-दोन लिटरच ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीशीच्या वर असतो. भरलेल्या टाकीतलं पेट्रोल प्रसरण पावतं आणि झाकणातून, व्हेंटच्या नळीतून बाहेर येतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल कॉक बंद करा. इंजेक्शनच्या गाडीला तो नसतो. (रेल्वेच्या पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी लागते, तो वेगळा प्रकार.)

आरसे काढा. साइड बॉक्स, मोबाइल होल्डर, टूलकिट, पाण्याची बाटली, सगळं काढा. टायरमध्ये हवा नेहमीइतकी ठेवा. कमी हवेच्या टायरवर बांधलेली गाडी डुलते आणि पट्टे आपोआप ढिले होतात. डिस्क लॉक लावून चढवू नका. चढवण्याआधी चारही बाजूंचे, मीटरच्या आकड्याचे आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा.

चढवणं

इंजिन चालू करून, गाडीवर बसून फळीवरून वर जाणं अजिबात नको. तसे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांत फळी सुटल्यावर काय होतं तेही पाहून घ्या.

पिकअपचा फाळका जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असतो. तीन फूट उंचीला पाच फुटांची फळी लावली तर १९५ किलोची गाडी नुसती रोखून धरायला सुमारे ११७ किलोचा जोर लागतो. आठ फुटांच्या फळीला तोच जोर ७३ किलोवर येतो, दहा फुटांच्या फळीला ५८ वर. फळी जितकी लांब तितकी माणसं कमी लागतात.

फळी लांब नसेल तर उंची कमी करा. टेम्पोची मागची चाकं रस्त्याकडेच्या उतारात उतरवा, किंवा शेताच्या बांधाला, दुकानाच्या ओट्याला, एमआयडीसीतल्या गोदामाच्या धक्क्याला टेम्पो मागे लावा. ओटा आणि हौदा यांत अर्ध्या फुटाचा फरक उरला तर फळीची धास्ती संपलीच. टेम्पो गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना उटी लावलेली हवी. गाडी फळीवर आली की टेम्पोला मागून धक्का बसतो. तो इंचभर जरी पुढे सरकला तरी फळीचं टोक निसटतं. म्हणून फळीचं वरचं टोक फाळक्याच्या साखळीला किंवा कडीला दोराने बांधाच, आणि खालच्या टोकाखाली गोणपाट घाला.

दुसरी फळी माणसासाठी. डावीकडून हँडल धरून चालणारा माणूस जमिनीवर राहिला तर अर्ध्या वाटेत गाडीचं हँडल त्याच्या डोक्यापर्यंत जातं, आणि नेमकं त्याच क्षणी त्याला तोल सांभाळायचा असतो. दोन्ही फळ्यांत दीड फुटाचं अंतर ठेवा.

माणसं तीन. एक डावीकडे हँडलवर, एक मागे, एक उजवीकडे नुसता आधाराला. मागच्याने कॅरिअर किंवा ग्रॅब रेल धरून ढकलायचं. इंडिकेटर, नंबरप्लेट, मडगार्ड धरायचं नाही. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच दाबलेला. अर्ध्यात थांबावं लागलं तर क्लच सोडून द्या. गाडीचं तोंड चढाकडे असताना वजन मागच्या चाकावर येतं, पुढचं हलकं होतं, त्यामुळे नुसता पुढचा ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊनही गाडी मागे घसरू शकते. गिअरमध्ये अडकलेलं मागचं चाक तिला धरून ठेवतं. फळीवर मात्र थांबायची वेळच येऊ नये, म्हणून खाली चार पावलं मोकळी ठेवून एका दमात न्या.

बांधणं

पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला टेकवा, मध्ये रबराचा तुकडा ठेवा. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे आणि शक्य असेल तर खिळ्याने हौद्याच्या लाकडी तळाला ठोका. पत्र्याचा तळ असेल तर चाकाखाली रबरी मॅट.

गाडी स्टँडवर ठेवून बांधू नका. ट्रकवाले बहुधा डबल स्टँडच लावतात, कारण एकट्याला बांधता येतं. पण स्टँडवर गाडीचे शॉकअप कामच करत नाहीत. टेम्पो आदळला की सगळा हादरा स्टँडच्या दोन पायांवर आणि चेसिसवरच्या त्याच्या जोडावर येतो, आणि पट्टा जरा ढिला झाला की स्टँड पुढे दुमडतो. साइड स्टँडवर तर पट्टे ओढले की तो वाकतो. दोन्ही चाकं तळावर, स्टँड वर, आणि गाडीला दाबून धरणारे चार पट्टे, असंच हवं.

पुढच्या पट्ट्यांची जागा हँडलच्या टोकाला नाही. तिथे ग्रिप फिरते, हँडल क्लॅम्पमध्ये गोल फिरतं किंवा वाकतं. सॉफ्ट लूप शॉकअपच्या टीभोवती, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप एकत्र धरणाऱ्या लोखंडी जोडाभोवती, घाला. शक्यतो वरच्या टीजवळ, नाहीतर खालच्या. लूप ओढून झाल्यावर त्याखाली क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, ब्रेकची नळी किंवा वायरिंग चेपत नाही ना, हे बोट फिरवून पाहा. लेगगार्ड बांधायला सोपा वाटतो, पण त्याचे क्लॅम्प ओढीसाठी केलेले नसतात. सुटले की गाडी गेली.

पट्टे दोन्ही बाजूंना, पुढे आणि खाली जायला हवेत, साधारण ४५ अंशात. इथेच बाहेरच्या हुकांचा घोळ होतो. पट्टा हूकमध्ये खाली अडकवला असला तरी तो हौद्याच्या कडेवरून वळतो, आणि गाडीच्या दृष्टीने त्याचा कोन त्या कडेपासून मोजायचा, हुकापासून नाही. कड फूट-दीड फूट उंच असेल तर पट्टा जवळपास आडवा होतो. तो गाडीला बाजूला धरतो पण खाली दाबत नाही. त्यातच ती पत्र्याची धार पट्टा कापते. आत कड्या नसल्या तर पट्टा टीच्या वरच्या भागातून घ्या, म्हणजे कोन सुधारतो, आणि कडेवर जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा. बाहेरच्या हुकांचं वेल्डिंग गंजलेलं आहे का, हाताने हिसका देऊन बघा.

आता क्रम. एकाने गाडी सरळ धरून ठेवायची, हँडल सरळ, हँडल लॉक नाही. लॉकमध्ये चाक एका बाजूला वळलेलं राहतं आणि ओढ वाकडी बसते. डावा पुढचा पट्टा हातानेच ओढून घ्या, मग उजवा. त्यानंतर रॅचेटचे दोन-तीन दात डावीकडे, तेवढेच उजवीकडे, असं आलटून पालटून. एकच बाजू पूर्ण आवळली तर गाडी झुकते आणि दुसरीकडून ओढूनही नीट सरळ येत नाही. पुढचे शॉकअप अर्ध्यापर्यंत दबले की थांबा. क्लासिक ३५० च्या पुढच्या शॉकअपचा प्रवास १३० मिलिमीटर आहे, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर दाबले की झालं. मोजायला सोपं: शॉकअपच्या चकचकीत नळीवर आधी चिकटपट्टीची खूण करा. पूर्ण दाबून टाकले तर शॉकअपमध्ये खेळ उरत नाही, प्रत्येक आदळा टीला आणि पट्ट्याला थेट बसतो, ऑइल सीलवर ताण राहतो. फारच कमी दाबले तर खड्ड्यात गाडी वर उसळते, क्षणभर पट्टा सैल पडतो आणि हूक सुटतो. हुकाला लॅच नसेल तर तोंडावर चिकटपट्टी गुंडाळा, दोन मिनिटांचं काम आहे.

रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे दीड ते तीन वेढे असावेत. त्याहून कमी असतील तर तो घसरतो. फार झाले तर रॅचेट अडकतं आणि उतरवताना ते उघडायला हातोडा शोधावा लागतो. म्हणून आधी ढील हाताने काढून घ्या, मग रॅचेट मारा. शेवटी दांडी पूर्ण मिटवा आणि उरलेलं टोक गाठ मारून बांधा. लोंबतं टोक वाऱ्यावर फडफडत राहिलं की त्याने रॅचेटही सैल होतं आणि टाकीही घासते.

मागचे दोन पट्टे मागे आणि बाजूला. ते चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला, किंवा मागच्या फूटरेस्टच्या चेसिसवरच्या बुडाला बांधा. मागच्या पट्ट्यांचं काम मागचं चाक बाजूला उड्या मारू नये एवढंच, त्यामुळे ते घट्ट हवेत पण पुढच्याइतके ताणू नका. सायलेन्सरवरून, चेनवरून, डिस्कवरून पट्टा जाता कामा नये. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मागच्या चाकातून आणि चेसिसमधून एक साधा दोर वेगळा बांधला तर उत्तम.

ड्रायव्हरकडे नायलॉनचा दोर असतोच आणि गाठीही त्याच्या हातात बसलेल्या असतात. त्याला दोर बांधू द्या, पण चार पट्ट्यांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नाही.

शेवटची परीक्षा: हँडल धरून गाडी जोरात हलवा. गाडीबरोबर अख्खा टेम्पो डोलला तर बांधणं झालं. गाडी एकटीच हलली तर पुन्हा आवळा.

दोन गाड्या असतील तर एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, आणि हँडलांमध्ये निदान सहा इंच. दोन्ही एकमेकींना बांधू नका. एक कलली की दुसरीला घेऊन पडते.

स्कूटर आणि इलेक्ट्रिक

स्कूटरच्या पुढच्या प्लास्टिकवरून पट्टा घेतला की तडा जाणारच. सॉफ्ट लूप प्लास्टिकच्या खालून, पुढच्या चाकावरच्या शॉकअपच्या लोखंडी भागाला घाला, मागे ग्रॅब रेलचा चेसिसजवळचा भाग. गिअर नसल्याने फळीवर आधार फक्त ब्रेकचा, म्हणून डाव्या हातात मागचा ब्रेक धरूनच चढवा. बांधून झाल्यावर मागचा ब्रेक रबरी पट्टीने दाबून ठेवा.

चाकातच मोटर असलेली इलेक्ट्रिक स्कूटर ओढत नेऊ नका. चाक फिरलं की मोटर वीज तयार करते आणि ती कंट्रोलरकडे जाते. उचलूनच न्यायची.

बंद पडली तर

दुसऱ्या गाडीवरून फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेणं किंवा दोराने टोचन करणं आपल्याकडे रोज दिसतं. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत लोक नेतात. हायवेवर मात्र नाही: दुचाकीला दोराचा झटका थेट हँडलवर बसतो आणि ब्रेक मारायला अंतरच उरत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या हेल्पलाइनला फोन करा, जवळचा किलोमीटरचा दगड सांगा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर फोन करतानाच दुचाकी आहे हे सांगून फ्लॅटबेड मागा. चारचाकीचं पुढचं चाक उचलणारी क्रेन दुचाकीच्या उपयोगाची नाही.

पडलेली गाडी आडवी टाकून नेऊ नका. इंजिनचं ऑइल एअर फिल्टरकडे जातं, जुन्या प्रकारच्या बॅटरीतलं ॲसिड सांडतं आणि रंग, वायर खातं. पुढचं चाक फिरतच नसेल तर त्याखाली ट्रॉली सरकवून किंवा चौघांनी उचलून उभीच चढवा.

वाटेत

पट्टे पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये बसतात, त्यामुळे पहिली तपासणी सगळ्यात महत्त्वाची. पुण्याकडे जाताना सावळेश्वरचा टोलनाका नेमका कामाचा आहे. पुढे वरवडे, सरडेवाडी, पाटस. टोलनाका ओलांडून कडेला उभं राहायचं, चारही पट्टे हाताने दाबून बघायचे. तुळजापूरच्या दिशेला तामलवाडीचा नाका तेच काम करतो. पाऊस लागला तर एकदा जास्त थांबा.

ऊसतोडीच्या हंगामात मोहोळ, टेंभुर्णी, पंढरपूर या बाजूंना रात्री निघू नका. जोडट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, कधी रिफ्लेक्टरही नसतो. ड्रायव्हरला अचानक ब्रेक मारावा लागतो आणि कच्चकन ब्रेक लागणं हीच पट्ट्यांची खरी कसोटी. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरचा रस्ताच टाळा.

कागद

आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती ड्रायव्हरकडे द्या. मालक सोबत नसेल तर सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत. ट्रान्सपोर्टने पाठवत असाल तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि घोषित किंमत लिहून घ्या. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असेल तर तो पाहूनच सही करा. गाडी पोचण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका.

विम्याचं बऱ्याच जणांना माहीत नसतं: दुचाकीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत, ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागात, रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. गाडी विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादला कायमची जात असेल तर सोलापूर आरटीओची एनओसी निघण्याआधीच काढून ठेवा, कारण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथे करावी लागते.

उतरवणं

चढवणारी माणसं घरी राहिलेली असतात आणि पोचल्यावर ड्रायव्हर एकटाच असतो, म्हणून उतरवताना जास्त गाड्या पडतात. तिकडे दोन माणसं आणि फळी आहे ना, हे निघण्याआधी फोन करून बघा.

एकाने गाडी धरायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही. आधी मागचे पट्टे सोडा. पुढचे सोडताना दबलेले शॉकअप वर उसळतात, म्हणून एक बाजू थोडी, दुसरी थोडी. गाडी उलटी, मागचं चाक खाली अशी उतरवा: इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच किंचित दाबून सोडत, म्हणजे मागचं चाक अडखळत खाली येतं. पुढच्या ब्रेकवर इथेही विसंबू नका.

खाली आल्यावर फोटोंशी ताडून पाहा, मगच बिल्टीवर सही. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, ब्रेक पहिल्याच दाबात घट्ट लागतो का, क्लचची केबल मोकळी आहे का, हे बघा. पेट्रोल कॉक उघडा, आरसे बसवा आणि पंपापर्यंत हळू चालवा, कारण टाकीत आपणच लिटर-दोन लिटर ठेवलं होतं.